चालू वायर काढणारे मामा

दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता, बाह्यरुग्ण विभागात आठवड्यातली सर्वाधिक गर्दी असे त्या वेळी, वायरमामा खुर्चीवरून उठत, शर्टाच्या बाह्यांना दोन घड्या घालत आणि चालू राऊटरची वायर काढून हातात धरत. बिघडलेली नव्हे, जुनी झालेली नव्हे. त्या क्षणी सगळ्या रुग्णालयाचे काम जिच्यातून वाहत असे, नेमकी तीच. मग ते डोळे मिटून मोजू लागत. पाण्यात बुडी मारून श्वास धरलेल्या माणसासारखा त्यांचा चेहरा होई. खोलीत यंत्रांच्या पंख्यांची घरघर तेवढी उरे. भिंतीपलीकडे केसपेपरच्या खिडक्यांवरचे चारही संगणक एकदम गोठत आणि लतासिस्टरचा आवाज भिंतीतून आरपार येई.

"मामा, अडकलं ओ परत! हितं माणसं माझ्या डोक्यावर बसल्यात!"

"दहा मोजा, सिस्टर."

"दर गुरुवारी दहा मोजून केस पांढरं झालं माझं!"

"ते मोजल्यानं न्हाय, वयानं."

दहाव्या आकड्याला मामा डोळे उघडत. शेजारच्या दुसऱ्या राऊटरचा दिवा तोवर भराभर लुकलुकू लागलेला असे आणि भिंतीपलीकडे प्रिंटर पुन्हा खरखरू लागे. काढलेली वायर मामा जागेवर लावत, भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक बारीक टिंब काढत आणि लतासिस्टरकडे चहा मागायला जात. चहा मिळे. शिव्यांसकट मिळे.

कोल्हापुरातल्या त्या धर्मादाय रुग्णालयात मी दोन हजार चार साली रुजू झाले. रुग्णालयांत शिपाई, वॉर्डबॉय, ड्रायव्हर अशा सगळ्यांनाच मामा म्हणण्याची पद्धत असते, म्हणून वेगळेपणासाठी यांना वायरमामा. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ते वायरमन म्हणून आले. आधी खाटांशेजारच्या घंट्या, मग अंतर्गत टेलिफोन, आणि संगणक आले तेव्हा त्यांच्या वायरीही त्यांनीच ओढल्या. यंत्रांबरोबर आलेली इंग्रजी पुस्तके कुणीच उघडेना, तेव्हा मामांनी शब्दकोश शेजारी ठेवून ती वाचून काढली. एक पुस्तक वाचायला सव्वा वर्ष लागले. पगारपत्रकात ते शेवटपर्यंत वायरमनच राहिले. प्रत्यक्षात सारे जाळे त्यांच्या एकट्याच्या डोक्यात होते.

माझे तसे नव्हते. मी इलेक्ट्रॉनिक्सची एम.एस्सी. होते आणि माझ्या वहीत पुढच्या पाच वर्षांचा आराखडा वर्षवार मांडलेला होता. त्यात या रुग्णालयाला बारा महिने दिले होते. बारा महिने, अधीक्षकांचे चांगले अनुभवपत्र, आणि बंगळुरू.

पहिल्या दिवशी मामांनी मला आपादमस्तक न्याहाळले.

"शिकलीस काय?"

मी सांगितले.

"मग तुला ह्यातलं सगळं कळत असंल."

"बहुतेक."

"बरं झालं. मला बहुतेक कळत न्हाय. दोघं मिळून भागंल." त्यांनी एक स्टूल पुढे सरकवले. "मॅडम, हितं बस. दोन दिवस काय करू नको. नुसतं दिवं बघ."

ते मला 'मॅडम' म्हणत आणि 'तू' म्हणत, दोन्ही एकाच दमात. मी दोन दिवस दिवे पाहिले. त्या खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्या काचेला पूर्वीच्या कुठल्यातरी कामातला निळा रंग लागलेला होता. दुपारी त्या निळ्या उजेडात स्विचवरचे हिरवे दिवे थव्याथव्याने लुकलुकत. हळूहळू त्यात लय जाणवू लागे: केसपेपरची गर्दी, मग प्रयोगशाळेचे अहवाल, मग जेवणाची शांतता, आणि त्या शांततेतही अधूनमधून लवणारा एखादाच दिवा. मला झोप येई आणि झोप येत नसे. इतकी स्वस्थ मी त्याआधी कधी बसले नव्हते, आणि बसल्याचा रागही येत होता.

आमचे काम दोन इमारतींत विभागलेले होते. नोंदी ठेवणारा मुख्य संगणक रस्त्यापलीकडच्या जुन्या इमारतीत. गारगोटी आणि चंदगडच्या आमच्या लहान केंद्रांच्या लाइनीही तिथेच येत. नव्या इमारतीतल्या कोणत्याही यंत्राला पलीकडे जायचे तर दोनच वाटा होत्या. एक राऊटर जमिनीखालच्या केबलने पलीकडे नेई, दुसरा गच्चीवरच्या अँटेनाने. मामा पहिल्याला थोरला म्हणत आणि दुसऱ्याला धाकटा.

"कौंटरवरच्या मशीनला पलीकडं जायचं आसलं की ते एकच नाव घेतंय," मामा समजावत. "त्या नावाचं मशीनच न्हाय हितं. नाव दोघांचं मिळून हाय. ज्याची पाळी, त्यानं ओ द्यायची."

"आणि दुसरा?"

"त्यो गप ऐकत बसतोय. पाळीवाला दर तीन सेकंदाला म्हणतोय, हाय मी, हाय मी. धा सेकंद काय ऐकाय आलं न्हाय, की ह्यो उठतोय."

हे मी पुस्तकात वाचलेले होते, आकृत्यांसह. न वाचलेली गोष्ट मधल्या स्विचची होती. सगळ्या वायरी त्या पेटीत येतात, आणि थोरला गेला काय, धाकटा आला काय, त्याला कुणी येऊन सांगत नाही. मग त्याने खिडक्यांवरचा मजकूर नव्या वाटेला लावायचा कसा? मी विचारले तेव्हा मामा खुलले. हा त्यांचा सर्वांत आवडता प्रश्न होता.

"त्यो कुणाला वळखत न्हाय. कुठलं नाव कुठल्या दारातनं ऐकलं, तेवढं ध्यानात ठेवतोय. पाच मिनिटं आवाज न्हाय आला, की पुसून टाकतोय. आता धाकट्यानं पाळी घेतली की पयल्यांदा काय करतोय? त्याच नावानं एकदा मोठ्यानं वरडतोय. स्विच म्हणतोय, आरं, हे नाव मगाशी त्या दारातनं येत हुतं, आता ह्या दारातनं आलं. बरं. ह्या दाराला लावतो. संपलं. भांडत न्हाय. तू कोण, तुझा बा कोण, इचारत न्हाय."

त्या निर्विकारपणाचे त्यांना फार कौतुक होते. मला तो तेव्हा यंत्राचा उणेपणा वाटला.

आमचा पहिला खरा वाद थोरल्याच्या परतण्यावरून झाला. वायर पुन्हा लावल्यावर थोरल्याने पाळी लगेच परत घ्यावी, अशी सोय त्या यंत्रांत असते. मामांनी ती बंद ठेवलेली होती. थोरला परत आला तरी धाकट्याच्या मागे गप ऐकत बसे आणि पुढच्या गुरुवारी धाकट्याची वायर निघेपर्यंत बसून राही. केबलची वाट अँटेनाच्या वाटेपेक्षा कितीतरी वेगवान होती. मी मोजमापे घेऊन, तक्ता करून ते सिद्ध केले.

मामांनी तक्ता शेवटपर्यंत वाचला. "बरोबर हाय तुझं. पण आत्ता उठून आलेल्या माणसाला पलीकडची वाट ध्यानात यायला येळ लागतोय. ते कळायच्या आत त्यानं पाळी घेतली, तर आलेलं सगळं खड्ड्यात टाकंल. आल्यावर बसावं. पाणी प्यावं. चालणाऱ्याला चालू द्यावं."

मी पुस्तक काढून पडताळा केला. नुकत्याच सुरू झालेल्या राऊटरला पुढच्या वाटांची माहिती गोळा व्हायला काही क्षण लागतात, आणि तेवढ्यात त्याने पाळी घेतली तर मजकूर खरोखरच वाया जातो. तक्ता मी फाइलमध्ये ठेवून दिला. मामांनी त्यावर लिहिले होते, 'चांगला काढलाय.'

दुपारी एक वाजता मामा चंदगडला फोन करत. तिथल्या डोंगरातल्या एका वाडीत त्यांचे घर होते: पाच गुंठे काजू, थोडे भात, पलीकडे बुद्धविहार, आणि घरात आई आणि मामी. आईला ते आव्वा म्हणत. आव्वाची स्मृती दोन वर्षांपासून विरत चालली होती. मामी तिला सांभाळत, म्हणून त्या तिकडे; मामा कोल्हापुरात एका खोलीत. फोन इतका जुना होता की पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येई. आवाजाआधी पाऊस ऐकू येई. चंदगडचा पाऊस कौलांवरून, पानांवरून, पन्हळीतून असा तीन सुरांत वाजत असे, आणि त्यामागून कुठूनतरी खोल, पाण्याखालून यावा तसा आव्वाचा आवाज.

"कोण बोलतंय?"

"मी हाय, आव्वा."

"कोण मी?"

मामा नाव सांगत. कधी ती "जेवलास का?" विचारी, त्या दिवशी मामा दुपारभर गुणगुणत. कधी ती म्हणे, "न्हाय, त्याचा आवाज बारीक हाय," आणि फोन मामीकडे देई. तिच्या मनातला मुलगा सोळा-सतरा वर्षांचा होता, एसटीत बसून कोल्हापूरला गेलेला. फोन एखादा दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी ओळख पटायला जास्त वेळ लागतो, हे मामांनी पाहून ठेवले होते. रजा घेऊन दोन दिवस गेले तर ती दुसऱ्या दिवशी संध्याकाळी थोडी ओळखू लागे आणि तिसऱ्या दिवशी त्यांना परतावे लागे.

"महिनाभर समोर बसलो तर पक्की वळखंल," एकदा ते निळ्या खिडकीकडे पाहत म्हणाले. "आजून येळ हाय. पर लई न्हाय."

चंदगडच्या आमच्या केंद्रात एक जागा रिकामी होती. मामांनी तिथे बदली मागून वर्ष झाले होते, आणि अधीक्षक, जे पूर्वी लष्करात डॉक्टर होते, दर वेळी तेच उत्तर देत: तुमच्याशिवाय इथले चालणार कसे? माझ्या रुजू होण्याने एक वाट निघाली. अधीक्षकांनी सांगितले, "एक महिना रजेवर जा. या बाईंच्या हाती महिनाभर सुरळीत चाललं, तर बदलीच्या कागदावर सही करतो. नाहीतर हा विषय पुन्हा काढायचा नाही."

जाण्याच्या आदल्या गुरुवारी मामांनी वायर काढली, दहा मोजले, टिंब काढले. पाळी थोरल्याकडे आली. रविवारी सकाळच्या गाडीने ते गेले. जाताना कॅलेंडरकडे बोट दाखवून म्हणाले, "तेवढं ध्यानात ठेव, मॅडम. बाकी तुला येतंय सगळं."

त्या दोन दिवसांच्या मधल्या शुक्रवारी मी एक गोष्ट केली होती आणि ती मामांना सांगितली नव्हती. कुणीतरी पाहुणा डॉक्टर प्रयोगशाळेत स्वतःचा लॅपटॉप आणून वायरीला जोडून बसला, ते मला आवडले नाही. मी स्विचला प्रत्येक दाराशी त्या वेळी ऐकू येणारे पत्ते, म्हणजे मामांच्या भाषेत नावे, कायमचे बांधून दिले: हा पत्ता या दाराचा, तोच दुसऱ्या दारातून आला तर आलेला तोतया समजावा आणि ते दार बंद करावे. काम नीटनेटके होते. मामा गेल्यावर पुढे कधीतरी अहवालात लिहीन, असे मी मनाशी ठरवले. अनुभवपत्रासाठी ते उपयोगी पडले असते.

मग गुरुवार आला. अकरा वाजले. भिंतीपलीकडे गर्दीचा गलबला होता. मी थोरल्याच्या वायरीवर हात ठेवला आणि काढला. दोन्ही राऊटरांच्या नोंदी मी सकाळीच तपासल्या होत्या; दोघे एकमेकांना ऐकत होते, सारे यथास्थित होते. वेळ आल्यास धाकटा उठेल हे वाचून कळते, त्यासाठी चार खिडक्या गोठवायच्या कशाला? पुढच्या गुरुवारीही मी हाच विचार केला. लतासिस्टर आत डोकावून म्हणाल्या, "मॅडम, तुमचं बरं हाय बाई. अडकत न्हाय काय न्हाय." मला ती पावती वाटली.

तिसऱ्या आठवड्यातल्या मंगळवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास थोरल्याच्या पेटीतून जळका वास आला आणि त्याचे सगळे दिवे विझले. मी घाबरले नाही. मी मोजू लागले. दहाला धाकट्याचा दिवा लखकन चमकला, त्याच्या दारावरचा हिरवा दिवा नारिंगी झाला, आणि विझला. मी बारापर्यंत मोजले. वीसपर्यंत मोजले.

"मॅडम! दहा झालं की ओ!" भिंतीतून आवाज आला.

मी धाकट्याची वायर बदलली. त्याला बंद करून चालू केले. पुन्हा तेच. अपघात विभागातून निरोप आला, रक्ताचे जुने अहवाल उघडत नाहीत. जिन्यापर्यंत रांग गेली होती. सिस्टर हाताने केसपेपर लिहू लागल्या होत्या. पाऊण तास होऊन गेल्यावर मी चंदगडला फोन लावला.

पाऊस वाजला. मग मामा, इतक्या आनंदी आवाजात की मी क्षणभर कशासाठी फोन केला तेच विसरले. "मॅडम, आज सकाळी आव्वानं नावानं हाक मारली. नावानं! आपणहून! म्हणाली, दाढी कवा वाढवलीस?"

मी सांगितले.

मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "गेल्या गुरुवारी धाकट्यानं पाळी घेतलेली न्हवं?"

"घेतली होती," मी म्हणाले.

इतके सोपे खोटे मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

"मग दोघं एकदम मेलं म्हणायचं. फोनवर जमायचं न्हाय. मी निघतो."

मी 'नाही घेतली' म्हटले असते, तर त्यांनी विचारले असते: मग त्या आधी काय बदललंस? आणि मी शुक्रवार सांगितला असता. उत्तर माझ्याजवळच होते. त्याच्याकडे नेणारा प्रश्न मीच बंद केला होता.

अर्ध्या तासाने मी पहिल्यांदाच स्विचची स्वतःची नोंदवही उघडली. तोवर तिकडे पाहावेसेही वाटले नव्हते. स्विच तर उत्तम चालला होता. एकाच ओळीत सारे होते. दोघांनी मिळून धरलेले ते नाव मी शुक्रवारी थोरल्याच्या दाराशी बांधून टाकले होते. धाकटा ठरल्याप्रमाणे उठला, ठरल्याप्रमाणे त्याच नावाने ओरडला, आणि माझ्या हुकमानुसार स्विचने त्याला तोतया ठरवून दार लावून घेतले. मी बांधलेली गाठ सोडली, दार उघडले. दोन मिनिटे लागली. भिंतीपलीकडे प्रिंटर खरखरला. मी चंदगडला पुन्हा फोन केला. मामी म्हणाल्या, "गेलं की ते. गडहिंग्लजच्या गाडीनं. आव्वा बघायली रस्त्याकडं."

मामा साडेपाचला पोचले. खांद्यावर भिजलेली पिशवी, पायजमा गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. लुकलुकणाऱ्या दिव्यांकडे त्यांनी पाहिले, मग माझ्याकडे, मग भिंतीवर. कॅलेंडरवर त्यांच्या हातचे टिंब होते आणि त्यानंतरचे दोन्ही गुरुवार कोरे होते. खोटे टिंब काढायची कल्पना मला सुचली नव्हती असे नाही. धीर झाला नव्हता.

ते खाली बसले आणि थोरल्याची पेटी उघडून जळालेला भाग काढू लागले. मी पेचकस देत राहिले. रागावले असते तर फार बरे झाले असते.

तेवढ्यात अधीक्षक आले. "आलात? वाटलंच. तुम्ही आलात आणि चालू झालं. तुमच्याशिवाय हे चालायचं नाही, मामा, आता तुम्हीच पाहिलंत. बदलीचा विषय संपला."

मामांनी मान वर केली नाही. स्क्रू फिरवणारा हात मात्र थांबला. त्या निळ्या काचेतून येणारा संध्याकाळचा उजेड त्यांच्या चिखलाळ पायांवर पडला होता, आणि तो थांबलेला हात मला आजही कधी स्वप्नात दिसतो.

"सर," मी म्हणाले, "मामा येण्याआधी चार तास हे चालू झालेलं आहे. मी बिघडवलं होतं आणि मीच दुरुस्त केलं. दोन गुरुवार मी वायर काढली नाही. काढली असती तर पहिल्याच गुरुवारी दहा सेकंदांत कळलं असतं. मामांनी विचारलं तेव्हा मी खोटं सांगितलं, म्हणून ते आले."

अधीक्षक माझ्याकडे वळले. "तुम्ही माझ्याकडे अनुभवपत्र मागितलं आहे, लक्षात आहे ना?"

"आहे. पण मामांना सकाळच्या गाडीने जाऊ द्या. अकरा वाजता, पूर्ण गर्दीत, तुम्ही खिडकीपाशी उभे राहा. मी वायर काढते. चाललं नाही तर त्यांना परत बोलवा."

"गप बस, पोरी," मामा हळूच म्हणाले. त्यांनी मला 'पोरी' म्हटले ते त्या एकदाच.

रात्री थोरल्यात नवा भाग बसवून मामांनी तो चालू केला आणि सकाळी साडेसहाच्या गाडीने ते गेले. अकराला अधीक्षक लतासिस्टरच्या मागे उभे राहिले. मी बाह्यांना दोन घड्या घातल्या आणि चालू वायर काढली. चार खिडक्या गोठल्या. "अडकलं ओ!" सिस्टर सवयीने ओरडल्या, आणि पाठोपाठ अधीक्षकांचा लष्करी आवाज ऐकू आला: एक, दोन, तीन. मी डोळे मिटले. त्या दहा सेकंदांत आत किती मोठी जागा असते, ते मला तेव्हा कळले. तिथे कोणीच पाळीवर नसते. नाव हवेत असते आणि ओ द्यायला कुणी नसते. अधीक्षक नऊ म्हणाले तेव्हा प्रिंटर सुरू झाला.

उरलेले दिवस निर्विघ्न गेले. महिना संपल्यावर अधीक्षकांनी मामांच्या कागदावर सही केली. मला अनुभवपत्रही दिले. त्यात माझी चूक एका वाक्यात लिहिलेली होती आणि ती मी सांगितल्याचे दुसऱ्या वाक्यात. बंगळुरूच्या मुलाखतीत त्या दोन वाक्यांवरच सगळे प्रश्न आले. माझ्या आराखड्यातले बारा महिने अठरा झाले होते, कारण जाण्याआधी मी दोघांना तयार केले, एकाला नव्हे. दर गुरुवारी ते आळीपाळीने वायर काढत आणि मी हाताशी असू नये म्हणून दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसत असे.

त्या एका दिवसाच्या येण्याजाण्यानंतर आव्वाने मामांना पुन्हा कधी नावाने हाक मारली नाही. या दोन गोष्टींत कार्यकारणसंबंध जोडण्याइतका पुरावा माझ्याजवळ नाही. तिचा आजार उतरणीचाच होता आणि डॉक्टरही तसेच म्हणत. मामांनी कधी तो संबंध जोडला नाही. मी मात्र जोडते.

तीन वर्षांनी बंगळुरूहून येताना मी बेळगावला उतरले आणि चंदगडची एसटी पकडली. वाडीपर्यंत धुके होते. काजूच्या झाडांखालून चालताना आधी पन्हळीचा आवाज आला, मग घर दिसले. ओसरीवर घोंगडीत गुरफटून आव्वा बसली होती, कापसासारखी हलकी, डोळ्यांत कुठलेतरी लांबचे गाव. मामांनी चहा आणला. आधी तिला बशीत ओतून दिला, मग मला, मग आपला कप घेऊन खांबाला टेकून बसले. त्यांचे केस पूर्ण पांढरे झाले होते.

आव्वाने मला जवळ बोलावले. मामांकडे बोट करून कौतुकाने म्हणाली, "ह्ये पावणं लई चांगलं हाईत, बाई. रोज येत्यात. च्या करत्यात. माझ्याजवळ बसत्यात." मग आवाज खाली आणून, "माझा ल्योक कोल्हापुरात हाय. दवाखान्यात. लई मोठं काम हाय त्याचं. त्यो जरा हिकडं आला, की तिकडं सगळं बंद पडतंय. म्हणून यायला गावत न्हाय त्याला."



"व्हय की," मामा म्हणाले. "त्याच्याबिगार पानच हालत न्हाय म्हणं तिथं."

आव्वाचा चेहरा उजळला. तिने समाधानाने मान डोलावली आणि आपल्या बशीतला अर्धा चहा पावण्यांच्या कपात ओतला.